स्टोइलचा नकार

स्टोइलला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी आवाज गेले, पण वीस वर्षांच्या त्या गोळ्यांनी त्याची मान बिघडवली. जागेपणी ती सारखी डावीकडून उजवीकडे हलायची. बल्गेरियात मान अशी आडवी हलली की होकार आणि वर उडवली की नकार. त्यामुळे प्लोवदिवच्या त्यांच्या गल्लीत त्याची चेष्टा व्हायची.

"तुझा भाऊ कशालाच नाही म्हणत नाही गं," शेजारची गेर्गाना त्याच्या बहिणीला, रादकाला म्हणायची. "माझ्या नवऱ्याला जरा शिकव म्हणावं!"

रादकाला हसू यायचं नाही, रागही यायचा नाही. हलत्या तोंडात घास भरवता भरवता तिच्यातलं सगळं आटून गेलं होतं. एकदा त्यानं आपल्या हातानं जेवावं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या आणि छातीत, कातडीखाली, रिमोटनं चालू-बंद होणारी बॅटरीची डबी. काही आठवड्यांत मान थांबली.

रविवारी दुपारी स्टोइल घेवड्याचं सूप स्वतः प्यायला. टेबलावर एक थेंब सांडला नाही.

"आता तुला लग्नाला उभं करायला हरकत नाही," रादका म्हणाली.

तो हसला. मग दाराकडे बघून त्यानं सावकाश मान वर उडवली.

"कुणाला नाही म्हणतोस रे?"

"ती रोज विचारते ना, तिला."

"परत आवाज यायला लागले?"

"आवाज नाही गं ताई. ती दारात उभी असते. रोज एकच विचारते, घरात एकटाच आहेस का? मी तोंडानं नाही म्हणायचो, पण ती मानच बघायची, आणि मान मेली हो म्हणायची." त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "आज पहिल्यांदा खरं सांगता आलं, की तूही असतेस."

दार बंद होतं. आतून कडी होती.

"मग? गेली का?"

स्टोइलची नजर दारापासून निघाली आणि हळूहळू टेबलापर्यंत आली.

रादका घाबरली. कित्येक वर्षांत तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. तिनं रिमोट त्याच्या छातीशी धरून डबी बंद केली.

थोड्या वेळानं मान हलू लागली. हो. हो. हो.

"ताई, आता ती मला विचारत नाहीये."

मान हलत होती. डोळे मात्र रादकाच्या उजव्या कानाशी खिळले होते.

त्या कानावरचे तिचे केस अलगद मागे सारले गेले.