नाद्या, घरी ये

उत्तर चीनमधल्या हार्बिनला उतरताना लुआन आजीच्या पिशवीत गोठवलेल्या काळ्या नासपती होत्या, आंबवलेली कोबी होती, आणि तळाशी लोखंडी डाव. रेल्वेत तिकिटं तपासण्यात तिचा जन्म गेला होता. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण नात बोलेनाशी झाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

सोंगह्वा नदीवर बर्फाच्या लाद्या कापतात, तिथल्या उघड्या पाण्यात पोर पडली होती. लगेच वर काढली, अंगाला ओरखडाही नव्हता. तेव्हापासून मात्र बसवली की बसायची, भरवलं की गिळायची. तिची आई ह्वेईलिंग रडून रडून अर्धी झाली होती. जावई दक्षिणेत कामाला. तो रोज फोनवर विचारी, बोलली का?

आजीला यावर एकच उपाय ठाऊक होता, तिच्या आईनं केलेला. घाबरलेल्या पोराचा जीव जिथे घाबरला तिथेच राहतो. दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहायचं, पोराचे कपडे हातात घ्यायचे, डावानं चौकट ठोकायची आणि नावानं हाक मारायची. आतून कोणीतरी पोराच्या वतीनं ‘आले’ म्हणायचं.

“कागदावरचं श्यावमान म्हणू नकोस,” ह्वेईलिंग म्हणाली. “ते तू एकटीच म्हणतेस. ती ‘नाद्या’लाच ओ देते.”

हे परदेशी लाडनाव आजीला पहिल्यापासून खटकायचं. पण अडला हरी! तिनं दार उघडलं, नातीचं जाकीट हातात घेतलं आणि डाव चौकटीवर ठोकला.

“नाद्या, घरी ये.”

जिना काळोखात खाली गेला होता. ह्वेईलिंगनं तोंड उघडलं, पण उत्तर तिच्या मागून आलं.

“आले.”

पोर खुर्चीतून उठली होती. ह्वेईलिंगनं तिला छातीशी धरलं आणि ती हसू-रडू लागली. आजीचेही डोळे भरून आले. तिनं मनातल्या मनात आपल्या आईला नमस्कार केला.

पोरीनं खायला मागितलं. काळा आंबट रशियन पाव, वर मीठ. आजवर त्या पावाच्या वासानंही तिला मळमळायचं. आजीनं आणलेल्या नासपतीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पाव चावत ती खिडकीपाशी गेली. पूर्वी रशियन लोकांनी बांधलेल्या घरातली दुहेरी खिडकी, थंडीसाठी खळ-कागदानं बंद केलेली. दोन काचांमधल्या लाकडावर काही जुनी रशियन अक्षरं कोरलेली होती. पोर काचेवरून त्यांच्यावर बोट फिरवत राहिली.

“काय लिहिलंय ते?” आजीनं विचारलं.

“तिचंच नाव की,” ह्वेईलिंग म्हणाली. “ती पोटात असताना ह्यांना दिसलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला रशियन येतं, त्यानं वाचून दिलं. ह्यांना आवडलं, ठेवलं.”

आजीनं अक्षरांवरून फिरणाऱ्या त्या बोटाकडे पाहिलं. आपण कोणाला घरात बोलावलं?

तिनं नातीचं जाकीट पुन्हा उचललं आणि दार उघडलं. डाव ठोकायचंही तिला सुचलं नाही.

“श्यावमान. घरी ये गं, बाळा.”

ती जिन्याकडे कान देऊन उभी राहिली.

“आले, आजी.”

आवाज जिन्याच्या तळातून आला होता. मग पायऱ्यांवर ओल्या बुटांची चपचप. एक मजला. दुसरा.

पोर खिडकीपासून दारापाशी आली. आजीच्या हाताखालून तिनं दार लोटलं आणि कडी घातली.

“थंडी येते,” ती म्हणाली.

चपचप दाराबाहेर येऊन थांबली. आजीनं कडीला हात घातला. ह्वेईलिंगनं तो घट्ट धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आई, ही बोलतेय. जेवतेय. आता पुरे कर.”

“ह्वेईलिंग, बाहेर—”

“खालच्यांचं पोर असेल.”

दाराखालून पाणी आत येऊ लागलं. त्याला नदीचा वास होता. ह्वेईलिंगनं तिकडे एकदाच पाहिलं. मग तिनं टॉवेल आणला, त्याची नीट घडी घातली आणि गुडघ्यांवर बसून दाराच्या फटीत दाबून बसवला.