रिकाम्या जागी त्याचं नाव

“नाव रिकामं राहिलं, तर त्या जागी काय घ्यायचं ते आधीच लिहून ठेवायचं. शेल, म्हणजे आपल्या आज्ञा चालवणारा हा प्रोग्राम, मनातलं ओळखत नाही.”

त्याचा तो आवाज अजून तिच्या कानात होता. रक्तपेढीच्या कॉम्प्युटर विभागात ती नवीन होती, आणि तिच्या स्क्रिप्टनं सकाळी ड्यूटीवर कुणी यायचं त्याचा निरोप नावाशिवायच पाठवला होता. तेव्हा शेजारच्या खोलीतून आपली खुर्ची ओढत तो आला. शिकवल्याशिवाय राहवायचं नाही, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. डॉलरची खूण, महिरपी कंस, आत व्हेरिएबलचं, म्हणजे भरायच्या जागेचं नाव, मग अपूर्णविराम, उणे आणि पुढे पर्याय... नाव भरलेलं असलं तर तेच, नसलं तर पर्याय.

“पर्याय म्हणून कुणाला घालू?”

“मला घाला. बोलावलंत तर येईन.”

नाव रिकामं राहिलं की निरोप त्याला जाई, आणि तो येई – केस ओले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. हळूहळू तिला नावं लिहायचा विसर पडू लागला.

“आजही राहिलं?” तो विचारी.

“राहिलं बाई...” ती मान खाली घालून चहाचा दुसरा कप पुढे सरकवी. त्याला सगळं कळत होतं.

मग त्याला दूरच्या शहरातली नोकरी चालून आली. तू थांब म्हणालीस तर थांबतो, तो म्हणाला, शुक्रवारपर्यंत सांग. तिच्या ओठांवर शब्द होता. पण जागा रिकामी ठेवली की हा येतोच, एवढंच तिला ठाऊक होतं. अजून एकदा विचारील... म्हणून ती गप्प राहिली.

शुक्रवारी त्यानं टेबल आवरलं. “तू काहीच बोलली नाहीस. मी ‘नाही’ धरलं.” जाताना त्यानं तिच्याकडून कबूल करून घेतलं, की स्क्रिप्टमधलं त्याचं नाव ती काढील. तिच्यानं ते काढवेना.

आज सुट्टीच्या सकाळी त्याचा फोन आला.

“निरोप मला आलाय. तिथे कुणीच नाहीये का गं?”

आज मात्र ती नाव लिहायला खरंच विसरली होती.

“मी जाते,” ती म्हणाली.

“आणि नाव?”

“...काढते.”

पलीकडून त्याला कुणीतरी लाडानं हाक मारली. त्यानं फोन ठेवला. तिनं देवापुढे हात जोडले, मागितलं काहीच नाही. चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि त्याच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहायला निघाली.