तिसऱ्या पायरीवरची वाळू

गावातल्या विहिरी एकामागून एक खाऱ्या होत चालल्या होत्या. प्यायचं पाणी आता आणायचं कुठून, याचं उत्तर शोधायला एकाच घरातली तिघं जंगलाच्या वाटेला लागली होती. समुद्रकाठच्या त्या गावामागे जमीन तीन रुंद पायऱ्यांनी वर चढत गेली होती आणि प्रत्येक पायरीवर दाट जंगल माजलं होतं. सर्वांत वरच्या पायरीवर तलाव खोदता येईल का, हे तिथली माती तपासून ठरायचं होतं. माती तपासणारी होती घरची थोरली सून. सरकारी प्रयोगशाळेत तिचं कामच ते. आणि तलावाची कल्पना होती तिच्या सासऱ्यांची! सासरे निवृत्त ओव्हरसियर. नोकरीत असताना त्यांनी हा तलाव आखला होता, वरच्या साहेबांनी तो बासनात गुंडाळला होता, आणि तेव्हापासून घरात रोज जेवणाच्या वेळी तो तलाव भरत आणि ओसंडत आला होता.

"मामंजी, चढ फार आहे. तुमचे गुडघे..." तिने निघताना म्हणून पाहिलं होतं.

"तलाव कुणाचा? माझा. मग?"

तिसरा गडी धाकटा दीर. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, अंगाने दणकट आणि डोक्याने तापट. पाण्याचा जेरीकॅन, कुदळ, फावडं, घमेलं, दोर असं सगळं त्याच्याच खांद्यावर, त्यामुळे पहिल्या चढालाच त्याचं डोकं तापलं होतं.

"वहिनी, ही माती प्रयोगशाळेत नसते मिळत?"

"मिळते, भाऊजी. कुणीतरी वाहून आणली की मिळते."

दुपार कलायच्या आत तिघं तिसऱ्या पायरीवर पोचली. वर आल्यावर मात्र दिरानेही ओझं खाली टाकून आजूबाजूला पाहिलं. उंच, सरळसोट झाडांच्या रांगा लांबवर गेल्या होत्या, खाली वाळक्या पानांचा जाड गालिचा, आणि झाडांच्या फटींतून खूप खाली समुद्र चकाकत होता. पहाटे चांगली दणकून सर येऊन गेली होती, तरी कुठे चिखल नाही, डबकं नाही. बुटाच्या तळव्यालाही ओल लागत नव्हती. वाऱ्याने उपटलेली दोन-तीन झाडं आडवी पडली होती. त्यांची मुळं चटईसारखी पसरट होती. सुनेने ते पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या पावसाचं पाणी गेलं कुठे?

दिराने कंबरभर खड्डा घेतला तेव्हा उत्तर समोरच आलं. वर बोटभर काळी माती. तिच्याखाली राखेसारखी करडी वाळू, सगळा कस धुऊन गेलेली. मग गंजल्यासारखा तांबूस थर, आणि त्याच्याखाली नुसती पिवळी, मोकळी वाळू. मधूनमधून गुळगुळीत गोल गोटे.

"हे गोटे पाहिलेत, मामंजी? हा किनारा होता. जमीन वर उचलली गेली आणि पुळण इथे राहिली. ही चाळण आहे. हिच्यात पाणी टिकणार नाही."

"खड्ड्याची भिंत बघ कशी सरळ उभी आहे! विटेची बांधावी तशी. वाळू अशी उभी राहते होय?"

"ओली आहे तोवर राहते. वाळली की..."

"खाली चिकणमाती असणार," सासरे म्हणाले. "मी सांगतो ना!"

तिने हात टेकले. या माणसाला बोलून समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं! नकाशात जवळच एक ओढा दाखवला होता. परतीसाठी पाणी लागणारच होतं, म्हणून तो बघायला ती आणि दीर निघाले. जाताना तिने बजावलं, "खड्ड्यात उतरायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. ऐकताय ना?"

"मी काय लहान आहे?"

ओढा सापडला, पाणी नव्हतं. गोट्यांची कोरडी पन्हळ तेवढी होती. वरच्या अंगाला एक झुळझुळती धार होती म्हणावी तर तीही वाळूत शिरून दिसेनाशी झाली होती. हात कोपरापर्यंत खुपसला तरी ओलच लागली फक्त. सुनेला स्वतःचाच राग आला. चाळण आहे म्हणून सासऱ्यांना शिकवणारी ती, आणि त्याच चाळणीवरच्या ओढ्याच्या भरवशावर तिने तिघांत एकच जेरीकॅन आणला होता!

"असू दे," दीर म्हणाला. "जेरीकॅन आहे ना अजून निम्मा."

नव्हता. दोघं परत आली तेव्हा जेरीकॅन खड्ड्याच्या काठावर आडवा पडला होता. रिकामा!

"ओतून पाहिलं," खड्ड्यातून आवाज आला. सासऱ्यांचं डोकं तेवढं वर दिसत होतं, इतका खड्डा खोल गेला होता. "टिकतं का बघावं म्हटलं. पहिलं पाणी जरा मुरलं. माती एकदा भिजली की..."

"प्यायचं पाणी होतं ते, बाबा!" दीर ओरडला.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण तिची नजर खड्ड्याच्या भिंतीवर गेली आणि राग जागच्या जागी गोठला. उन्हावाऱ्याने भिंतीचा रंग फिका पडला होता. तिच्यावरून वाळूची बारीक धार ओघळत होती. सुर्र... सुर्र...

"मामंजी, वर या! आत्ताच्या आत्ता!"

"एकच फावडं..."

भिंत बसली! आवाजसुद्धा झाला नाही फारसा. धप्प! पिवळी धूळ उडाली, आणि ती खाली बसली तेव्हा सासरे छातीपर्यंत वाळूत गाडले गेले होते. टोपी नाही. तोंड उघडं. डोळे विस्फारलेले.

"बाबा!" दीर काठाकडे झेपावला. काठ ढासळला. आणखी वाळू आत गेली. काखेपर्यंत!

"थांबा! काठावर उभे राहू नका!" तिने त्याचा शर्ट धरून त्याला मागे खेचलं. "आडवे व्हा! पोटावर!"

"दोर टाकतो, ओढून काढू..."

"ओढू नका! सांधे निखळतील. वाळूने घट्ट धरलंय त्यांना." तिने आजूबाजूला पाहिलं. आडव्या पडलेल्या जुन्या झाडाची साल सुटली होती, दाराएवढे मोठाले ढलपे. "ती साल! ती आणा!"

दिराने ढलपे ओढत आणले. दोन ढलपे काठाजवळ आडवे टाकले, म्हणजे वजन एका जागी पडणार नाही. त्यांवर पालथे पडून दोघांनी बाकीचे ढलपे सासऱ्यांच्या भोवती उभे ठोकले, पिंपाच्या फळ्यांसारखे. बाहेरची वाळू बाहेरच अडली. मग आतली उपसायला सुरुवात झाली. तो घमेल्याने, ती हातांनी. नखं फुटली. डोळ्यांत वाळू गेली. घसा कोरडा ठणठणीत!

"श्वास... घेता येत नाही..." सासरे पुटपुटले. ओठ काळसर पडत चालले होते.

"बोलू नका! छोटे छोटे श्वास घ्या. माझ्याकडे बघा." छाती मोकळी झाली तशी तिने दोर त्यांच्या काखांखालून घेऊन जवळच्या झाडाला बांधला. दीर ढलप्यांच्या आत उतरला. मग पोट. मग मांड्या. मध्येच एक ढलपा करकरला आणि दिराने तो पाठ लावून तोलून धरला.

थोडा श्वास सापडताच सासरे खेकसले, "घमेलं पूर्ण भर रे! अर्धं काय भरतोस?"

दीर वडिलांकडे बघतच राहिला. "वहिनी, यांना पुन्हा पुरू का?"

गुडघे सुटले. "आता! हळू... हळू... ओढा!" सासरे वर आले, पालथे पडले आणि बराच वेळ नुसते खोकत राहिले. तिच्या पिशवीतल्या बाटलीत तळाशी घोटभर पाणी होतं. ते तिने त्यांना पाजलं. दोघांना उरलं नाही.

उतरताना सासऱ्यांचा एक पाय टेकेना. दिराने त्यांना पाठीवर घेतलं. मळलेली वाट लांबून वळसा घालून जात होती. सून मात्र पायरीच्या कड्याच्या पायथ्याने निघाली.

"इकडे कुठे?" दीर कावला.

"जे वर मुरतं ते कुठेतरी बाहेर पडतंच, भाऊजी. खाली अडवणारा थर आला की पाण्याला आडवं व्हावं लागतं."

तिसऱ्या पायरीच्या पायथ्याशी वाळूच होती. कोरडी. दिराची जीभ टाळूला चिकटली होती, तरी तो बडबडत होता. ती कड्याच्या तळाकडे बघत पुढे चालत राहिली. आपण पुन्हा चुकलो तर? हा म्हातारा, हा घामाने निथळणारा गडी, आणि उतरत चाललेलं ऊन. दुसऱ्या पायरीचा कडा ती बसत, घसरत उतरली आणि पायथ्याशी पोचताच तिचा पाय निसटला.

ती चिखलात पडली होती. चिखल!

समोर कड्याच्या तळाशी पिवळ्या वाळूखाली निळसर करड्या चिकणमातीचा पट्टा होता. दोन्हींच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. थेंब थेंब नव्हे, दूरवर पसरलेल्या लांबच लांब ओळीत, शेवाळ्यावरून, नेच्यांच्या मुळांतून. तिने ओंजळ लावली. गार! गोड! मिठाचा मागमूस नाही!

तिघंही पालथी पडून प्याली. मग सासरे चिकणमातीचा गोळा हातात घेऊन बसले. त्यांनी तो दाबला, वळला, पुन्हा दाबला. वर, झाडांच्या शेंड्यांपलीकडे, तिसऱ्या पायरीकडे एकदा पाहिलं.

"माझा तलाव गेला," ते म्हणाले.

दिवसभर तिच्या तोंडात साठलेलं सगळं एकदम विरून गेलं. "जंगलच तलाव आहे, मामंजी," ती हळूच म्हणाली. "भरलेला आहे. आपल्याला फक्त इथे टाकं बांधायचंय. वरचं एक झाडही तोडायला नको."

सासऱ्यांनी चिखलात बोटाने एक रेघ ओढली, तिच्या खाली दुसरी, दोन्ही जोडून चौकोन केला आणि मान वर करून विचारलं, "सूनबाई, फावडं कुठंय?"

"फावडं खड्ड्यात राहिलं, बाबा!" दीर किंचाळला. "आणि तिथेच राहणार आहे!"

सून चिखलातच मागे रेलली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.