सोडलेली होडी

‘राहीला आजार वगैरे काही नाही, नुसता माज आहे, होडी तिने होडीवाल्या आनंदाचा घात करण्यासाठी सोडली, सबब तिने पुन्हा होडीत पाय ठेवू नये,’ असा ठराव सत्त्याऐंशी साली गावकीने एकमताने केला. एकमत म्हणजे देवळाच्या ओट्यावर बसलेल्या पाच पुरुषांचे. स्वतःच्या संतापाला ते स्वाभिमान म्हणत, राहीच्या संतापाला माज. घात करणारी बाई छातीभर पाण्यात शिरून तीच होडी परत का ओढील, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नाही.

त्या होडीवाचून खाडी ओलांडता येत नसे, आणि रत्नागिरीची एसटी पलीकडे, पूर्णगडला मिळे.

ठरावाच्या तीन महिने आधी, भाद्रपदातल्या एका बुधवारी राही प्रथमच एकटी होडीत बसली, आदल्या दिवशी रागाच्या भरात कापलेले केस पदराखाली लपवून. वल्हे मारता मारता आनंदाने विचारले, “रत्नागिरीला काय गो, सिनेमा?”

“वेड्यांच्या डॉक्टरकडं.”

आता हा नजर चुकवील, असे तिला वाटले. त्याने वल्हे तेवढे थांबवले. “मग येताना हाक मार. शेवटची होडी थांबवून ठेवतो... शहाणी माणसं काय, बोंबलत बसतील.”

राही हसली — कितीतरी दिवसांनी.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचे नाव सांगितले, बॉर्डरलाइन. माणूस जरा दूर सरला की तो कायमचा गेला असे वाटते, आणि तो जाण्याआधी आपणच सारे मोडून टाकतो. हा आजार बरा होतो, पण वेळ घेतो, दर बुधवारी यावे लागेल. पहिला धडा एवढाच: भीती वाटली की हाताने काही करण्याआधी ती तोंडाने सांगायची.

बुधवार येत राहिले. आनंदा तिच्या बसायच्या फळीवरचे पाणी स्वतःच्या पंच्याने पुसून ठेवी. इतकी बडदास्त कशाला, असे ती विचारी. भिजलेला उतारू जड होतो, असे तो गंभीरपणे सांगे — आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल होई.

मार्गशीर्षात कोणीतरी सांगितले, आनंदाला मुंबईच्या गोदीत नोकरी मिळतेय. ती त्याने केव्हाच नाकारली होती. पण राहीने त्याला विचारलेच नाही. तोंडाचे काम हातांनी केले. दोरी सुटली, होडी ओहोटीबरोबर निघाली... आणि राही हंबरडा फोडून तिच्यामागे पाण्यात शिरली.

ठरावानंतर आनंदा गावकीपुढे उभा राहिला. गाठ आपणच सैल मारली होती, राहीला बोल लावू नये, असे त्याने सांगितले. त्याची गाठ सुटत नाही, हे सबंध खाडीला ठाऊक होते; तरी पंचांना हे सोयीचे वाटले. राही गप्प राहिली असती तर होडी, बुधवार, आनंदा, सगळेच परत मिळत होते.

तिचे हात पदर चुरगाळू लागले. तिने ते एकमेकांत घट्ट गुंतवले. आणि कोणी विचारले नसताना ती जे बोलली, ते असे:

“आनंदा खोटं बोलतोय. दोरी मीच सोडली. होडी नाय दिलीत तर पोहत जाईन, पण बुधवारी डॉक्टरीणबाईंकडं जाईन. आनंदा... तू मुंबईला जाशील म्हणून भ्यायले रे. तू सोडण्याआधी मीच तुला घालवत होते. आतापण भ्यायलेय, पण ह्या वेळी तोंडानं सांगतेय — तू मला हवा आहेस. जाणार असलास तरी.”