गिरजाबाईची फाइल

प्रिंटर बघायला आलेल्या माणसानं आपल्याला रडताना पाहावं, हे दीक्षाला मुळीच नको होतं. पण डोळ्यांतलं पाणी पापणीला विचारून थोडंच येतं…

"काय हरवलं, मॅडम?" त्यानं हळूच विचारलं. आयटीतला भीमराज. मूळचा नांदेडचा, आता थेरगावात खोली करून राहणारा.

"फाइल. रोज सेव्ह करत होते… आता नाहीये."

"रिसायकल बिन बघितला?"

"कचऱ्यात टाकीन का मी तिला?" ती फटकन म्हणाली. मग आवाज खाली आला. "आईच्या ओव्या आहेत त्यात."

तो प्रिंटर विसरला. खुर्ची ओढून बसला.

तिची आई, गिरजाबाई, दीड महिना पिंपरीच्या दवाखान्यात होत्या. संध्याकाळी खाटेवरून एखादी ओवी सांगायच्या. दीक्षा ती ओठांवर घोळवत पिंपळे गुरवला घरी जायची आणि सकाळी साडेसहालाच चाकणला कंपनीत पोचून, शिफ्ट लागायच्या आत टाइप करायची. वहीत लिहू का, असं विचारलं तर आई म्हणायची, "वही भिजंल, उंदीर खाईल. कंपनीत ठेव. कंपनीतलं काय जात न्हाई." बावीस वर्षं कंपन्यांचे फरशी-जिने झाडलेल्या बाईचा तो विश्वास. आता आई गेली होती. जलदानविधी उरकून दीक्षा आजच कामावर आली, तर फाइल नाही.

भीमराजनं नावानं शोधलं, तारखेनं शोधलं. मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊनच आला.

"प्रिंटर परत बिघडला का?" तिनं विचारलं.

"नाही… माझंच काहीतरी बिघडलंय." बोलून गेला आणि तोच गोरामोरा झाला. कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

भाकरी मोडता मोडता तो थांबला. "साडेसहाला टाइप करायच्या म्हणता. पण तुमचा लॉगिन तर रोज सातनंतरच उघडलेला दिसतोय."

दीक्षाचा घास हातातच राहिला. रात्रपाळीचे नवनाथदादा निघताना आपला लॉगिन उघडाच ठेवून जायचे. मशीन जुनं, सुरू व्हायलाच वीस मिनिटं खायचं, म्हणून ती त्यातच टाइप करायला बसायची. दीड महिना तिनं आई ठेवली होती ती दादांच्या लॉगिनमध्ये… आणि दादा नोकरी सोडून गावी गेले होते.

"सोडून गेलेल्यांचे लॉगिन आम्ही गुरुवारी पुसतो. त्या दिवशी कंपनीला सुट्टी असते ना." भीमराज उठलाच. "म्हणजे उद्या."

डबा तसाच उघडा टाकून तो साहेबांकडे गेला, परवानगी घेऊन आला. नवनाथदादांचा लॉगिन उघडला. फाइल तिथंच होती, मुकाट बसलेली. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि स्वतः खिडकीकडे तोंड केलं.

"माझ्यानं नाही होणार," ती म्हणाली. "तुम्हीच वाचा."

तो वाचू लागला, सावकाश, कुणाची झोप मोडू नये तसा —

*लेक माझी कंपनीत, तिच्या बोटांत गं वीज*
*माय खाटेवर जागी, लेकी घडीभर नीज*

दीक्षानं ओढणी तोंडाशी धरली. तो थांबला नाही. नुसता वाचत राहिला. शेवटच्या ओवीपाशी आला. तिथं एकच ओळ होती —

*मांडवाच्या दारी बाई, कोण उन्हात थांबला*

"पुढं?"

"त्या संध्याकाळी आईला धाप लागली. पुढचं राहिलं."

बाहेर ट्रक मागं घेतल्याचा आवाज आला, विरला. भीमराज स्क्रीनकडेच पाहत होता.

"दीक्षा…" आज पहिल्यांदाच मॅडम नाही. "मी थांबू का?"

तिनं स्क्रीनवरच्या त्या अर्ध्या ओवीवर बोट ठेवलं. "वर्षभर आमच्याकडं मांडव पडायचा नाही."

"नांदेडच्या उन्हात वाढलोय मी. थांबेन."

तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. ओवीची राहिलेली ओळ टाइप केली —

*लेक म्हणते आत या, पाट तुम्हाला मांडला*