अर्ध्यावर राहिलेलं नाव

कंदिलाची वात जरा वर कर, मग सांगते.

१९६४ सालच्या भाद्रपदातला शनिवार होता. शाळा सकाळची. दुपारी मामीने दिलेली लोणच्याची बरणी घेऊन मी शांतीलाल सरांकडे निघाले. शहाद्याला मामांकडे राहून मी नववीत शिकत होते. माय आणि पाच वर्षांचा लोटन तापीकाठच्या आमच्या गावी होते.

सर आम्हाला विज्ञान शिकवत आणि रविवारी भ्रमण मंडळाच्या पोरांना घेऊन तोरणमाळच्या वाटा चढत. एका पुरात गावांची खबर शहाद्याला पोचेपर्यंत पाणी ओसरून गेलं होतं. तेव्हापासून डोंगर चढण्याबरोबर मंडळात बिनतारी संच चालवणंही शिकवू लागले. लष्कराच्या मोडीतून आणलेले दोन संच, ट्रकची बॅटरी, दोन कडुनिंबांमध्ये ताणलेली तार. किल्ली क्षणभर दाबली की टिंब, जरा जास्त वेळ दाबली की रेघ. टिंबारेघांची अक्षरं, अक्षरांचा निरोप. मला ते फार आवडलं, कारण त्यात तोंड उघडावं लागत नाही.

दुसरा संच आमच्याच गावच्या बन्सीलालदादाकडे, तिथल्या शाळेत असे. तो मला चिडवायचा, "रंजू, तुन्हं तोंड चालत नही, पन बोट कसं मस्त चाली ऱ्हायनं!"

परवाना मात्र सरांचा आणि त्याचा. मला फक्त ऐकून लिहायचं होतं. "किल्लीला हात लावायचा नाही," सर म्हणत. "आणि कुणी यादी सांगत असेल तर मध्ये शिरायचं नाही, आपलं घर बुडत असलं तरी. यादीत ज्याचा त्याचा नंबर असतो."

त्या दिवशी मी पोचले तेव्हा सर सकाळपासून संचापाशीच बसलेले होते. तापी चढली होती. बारानंतर गावाकडून एक अक्षर आलं नव्हतं.

"रंजना, हेडफोन कानाला लाव," ते उठत म्हणाले. "मी कचेरीत जाऊन होड्यांचं बघतो. काही आलं तर लिहून ठेव."

"सर, माय..."

"ऐकत राहा."

ते छत्री न घेताच गेले.

चार वाजले असतील, पण खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं होतं. संच तापल्याचा, जळक्या धुळीचा वास येत होता. कानात पापड तळल्यासारखी खरखर. मग त्या खरखरीच्या खाली दुसरा आवाज ऐकू आला. घागर पाण्यात तोंडापर्यंत बुडवली की येतो तसा. सारखा येत होता. घागर भरतच नव्हती.

आणि त्यातून टिंबं आली.

हात बन्सीलालदादाचा होता. लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखू येतं तसा किल्लीवरचा हातही ओळखू येतो. दादा शेवटची रेघ जरा लांबवायचा. त्याने सांगितलं : टेकडीवर पोचलेले लोक. आणि नावं सुरू झाली. छगन. जसोदाबाई. धनुबाई. मी पेन्सिल घट्ट धरून लिहीत होते. इतका सावकाश तो कधीच पाठवत नसे. प्रत्येक नावानंतर थांबायचा, आणि मग ती घागर ऐकू यायची.

एकतिसावं नाव मीनाबाई. माझी माय.

आता लोटन. लोटन मायच्या कडेवरच असणार.

पण पुढचं अक्षर एल नव्हतं. आम्ही मराठी नावं इंग्रजी अक्षरांत पाठवायचो. जे आलं. ए आलं. एम आलं...

माझा हात किल्लीवर गेला. मी ठोकलं : लोटन? लोटन?

खरं तर पाठवणाऱ्याला त्या वेळी समोरचं काहीच ऐकू येत नाही. पण टिंबं तिथल्या तिथे थांबली. खरखरसुद्धा थांबली. मग अगदी कानाशी, हळू, एकच शब्द आला.

थांब.

मी थांबले. दहा मिनिटं, कदाचित जास्त. कानात फक्त पाणी होतं. मग पाच अक्षरं आली, फार दमल्यासारखी. लोटन. त्यानंतर काही नाही.

सर आले तेव्हा त्यांच्यामागे आमच्या गावचा नथ्थू होता. गळ्यापर्यंत चिखल. पोहत आणि चालत आला होता.

"सर, बन्सीलाल गया," तो दारातच बसला. "शाळानी भित बसनी. तो आन तुमनी पेटी, दोन्ही पानीमा गयात."

"कधी?"

"दुपारले. बारा वाजता. मी मन्हा डोयानी दखं."

मी वही पुढे केली. समासात मी वेळ लिहिली होती. चार दहा. सरांनी ती दोनदा वाचली. मग त्यांचं बोट खाली, तीन अक्षरांवर थांबलं.

"हे काय?"

"खरखर होती, सर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी होड्या टेकडीला लागल्या. सरांनी वहीतली नावं वाचली आणि एकेक जण "हा" म्हणत गेला. एकही नाव चुकलं नव्हतं. त्यांच्यात बन्सीलालदादाला कुणीच पाहिलं नव्हतं. लोटन मायच्या कडेवरून पाण्यात पडला होता. अंधार पडता पडता एकटाच टेकडी चढून आला. आमच्या शेजारच्या जमनाबाई तेवढ्या सापडल्या नाहीत. पाणी उतरल्यावरही नाही.

पुरानंतर माय आणि लोटनही मामांकडेच राहायला आले. महिन्याने लोटन भाकरी खाता खाता आपणहून बोलला.

"बन्सीदादानी मन्हा हात धरा."

"कुठे रे?" मी विचारलं.

"पानीमा. तेन्हा दुसरा हातमा जमनामाय व्हती. तो वर चढी ऱ्हायंता. मंग तेले कोनतरी हाक मारी... तो थांबी गया." त्याने घास गिळला. "मंग तेनी तिना हात सोडी दिना."

मायने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

यातलं मी सरांना काही सांगितलं नाही. मंडळातही परत गेले नाही. सर विचारतात तेव्हा अभ्यासाचं कारण देते.

लोटन आता सात वर्षांचा आहे. खेळतो, शाळेत जातो. फक्त त्याचा उजवा तळहात, दादाने धरलेला, कोरडा होत नाही. माय रोज झोपण्याआधी तो चुलीपाशी शेकते, फडकं बांधते. सकाळी फडकं सोडून पिळलं की गढूळ पाणी निघतं. मायला आता त्याची सवय झाली आहे.

आज सकाळी तिने मला हाक मारली आणि गोधडी दाखवली. लोटनच्या डाव्या हाताखालीही ओलं होतं.