खुर्ची सरकली तेव्हा

"मी हात धरला की आमचे हे उत्तर देतात, ताई. पडद्यावर रेघ उसळते. पण सगळे म्हणतात, मशीन खोटं बोलतंय!"

पक्षाघातानंतर फोनवरच्या या बाईंचे यजमान बोलत नव्हते, हलत नव्हते. कोपराखाली चिकटवलेला सेन्सर स्नायूंची धडपड रेघेत दाखवायचा. पण ती रेघ नुसती थयथयाट करायची. हाताचे व्यायाम चालू ठेवायचे की थांबवायचे, ते डॉक्टर उद्या ठरवणार होते.

खाजगी गुप्तहेर असलेल्या ताई लगेच निघाल्या. मागोमाग भावोजी, ताईंच्या दिवंगत धाकट्या बहिणीचे यजमान. ताईंची बुद्धी धावायची, भावोजींची रमतगमत यायची.

खोलीत तेलाचा वास होता. पलंगावरून वायर लोंबत होती.

"पंखा बंद केला, चार्जर काढला, वायरही बदलली," फिजिओथेरपिस्ट वैतागून म्हणाला. "दुसऱ्या पेशंटकडे हे मशीन शहाण्यासारखं वागतं."

"आणि इथे?"

"या जवळ बसल्या की धिंगाणा. उठून निघाल्या की शेवटची एक उडी, मग चिडीचूप."

"तेल कोण लावतं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "हात चोळते, कुरवाळते. तेवढंच उरलंय माझ्याकडे."

"भास आहे बिचारीचा," भावोजी कुजबुजले.

ताईंनी यजमानांचा हात स्पिरिटने पुसला, सेन्सरच्या नव्या पट्ट्या चिकटवल्या, वायर टेपने पक्की केली आणि बाईंना म्हणाल्या, "वहिनी, जवळ बसा. हात मात्र लावू नका."

रेघ सपाट. बाईंचा चेहरा उतरला.

"तेलाने पट्टी सुटत होती," ताई हळूच म्हणाल्या. "तुम्ही कुरवाळलंत की वायर हलायची. त्या उड्या तुमच्या होत्या."

"म्हणजे इतके दिवस मी माझ्याशीच बोलत होते?"

"शेवटची उडी सोडून. तेव्हा तुमचा हात तिथे नसायचा. आता उठा, निघा."

खुर्ची करकरली. बाई दाराकडे वळल्या आणि रेघ उसळली.

"पट्टी घट्ट, वायर बांधलेली, जवळ कुणी नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही असलात की ते निवांत असतात. निघालात की तुम्हाला धरायला बघतात."

बाईंना रडू फुटलं. "मग यांचा हात हलावा म्हणून मी रोज सोडून जायचं?"

"दारापर्यंतच. आणि परत यायचं."

भावोजींनी चष्मा काढून पुसला. दारातून परत येणारं माणूस त्यांनाही हवं होतं.